पाटी कोणाची, जबाबदारी कोणाची?
फ्रँचायझी घेणाऱ्या हॉटेलवाल्यांसाठी काही कामाच्या गोष्टी

दुपारची वेळ होती. गिऱ्हाईक कमी होते. ओळखीचा एक तरुण आमच्या कापड दुकानात आला. त्याचे वडील आमचे जुने गिऱ्हाईक. हातात बावीस पानांचा इंग्रजी करारनामा होता. म्हणाला, "चाचा, चहाच्या एका मोठ्या नावाची फ्रँचायझी घेतोय. बस स्टँडसमोर गाळा मिळालाय. उद्या पैसे भरायचे आहेत, साक्षीदार म्हणून तुमची सही पाहिजे."

आम्ही विचारले, "बेटा, वाचलास का?"

"कंपनी मोठी आहे चाचा. सगळे असेच भरतात."

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजी आमचेही बेताचेच. तरीही करारनामा ठेवून घेतला आणि एका वकील मित्राबरोबर दोन संध्याकाळ बसून वाचला. ज्या नावासाठी हा मुलगा चार लाख रुपये देणार होता ते नाव नोंदलेलेच नव्हते. नुसता अर्ज झालेला, त्यावर आक्षेप निघालेला, आणि अर्जदार म्हणून करार करणाऱ्या कंपनीचे नाही तर तिसऱ्याच माणसाचे नाव. मुलाने पैसे भरले नाहीत. त्या दोन संध्याकाळी जे समजले आणि नंतर विचारून जे शिकलो, ते आज वाचक बंधूंसमोर ठेवत आहोत. आपल्या बुलढाणा, चिखली, मलकापूर, खामगाव भागात चहा, बिर्याणी, बर्गर, आईस्क्रीम यांच्या फ्रँचायझी घेणारे तरुण वाढले आहेत. बापाची जमा पुंजी त्यात जाते. म्हणून हा विषय.

नाव म्हणजे मालमत्ता

आम्ही पडलो कापडवाले. ताग्याच्या काठावरचा शिक्का बघून गिऱ्हाईक कापड घेते हे आम्ही लहानपणापासून पाहिले. शिक्का चांगला तर ताग्याला हात लावून बघायचीही गरज नाही. हा शिक्का म्हणजेच ट्रेडमार्क, मराठीत व्यापारचिन्ह. १९५८ च्या जुन्या कायद्यात तर कापडाच्या मार्कांसाठी स्वतंत्र प्रकरणच होते. आता ट्रेडमार्क कायदा १९९९ चालतो. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्यात मालाबरोबर सेवेचेही नाव नोंदता येते. म्हणजे हॉटेलची पाटीसुद्धा नोंदवता येते.

फ्रँचायझी म्हणजे हे नाव भाड्याने घेणे. घराचे भाडे भरून भाडेकरू मालक होत नाही, तसेच रॉयल्टी भरून नाव आपले होत नाही. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. करार कायदा १८७२, ट्रेडमार्क कायदा, अन्न सुरक्षा कायदा आणि कर कायदे यांच्या आधारे सारे चालते. म्हणून करारात जे लिहिले तेच मुख्यतः खरे. तोंडी वायद्याला, रंगीत माहितीपत्रकाला फारशी किंमत नाही.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण

शेगावची कचोरी कोणाला माहीत नाही? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्टेशनवर ती सुरू केली असे सांगतात. आज पुण्या-मुंबईपर्यंत 'शेगाव कचोरी'च्या पाट्या दिसतात. मग 'शेगाव कचोरी' हे नाव कोणाचे?

गावाचे नाव आणि पदार्थाचे नाव मिळून जी नुसती माहिती सांगितली जाते, ती एकट्याच्या मालकीची करून देण्यास कायदा सहसा तयार नसतो. शेगाव हे गाव सर्वांचे, कचोरी हा पदार्थ सर्वांचा. अशा शब्दांना फार वर्षांच्या वापराने खास ओळख मिळाली तरच अपवाद होतो. मालकी होते ती घराण्याच्या नावाची, विशिष्ट चित्राची, अक्षरांच्या खास रचनेची. पूर्ण पाटी नोंदलेली असली तरी तिच्यातल्या प्रत्येक सामान्य शब्दावर हक्क मिळतो असे नाही. गावाच्या मालासाठी भौगोलिक निर्देशनाचा वेगळा कायदा आहे. पैठणी आणि सोलापुरी चादर यांना ते मिळालेले आहे. पण तो हक्क त्या भागातील उत्पादकांचा असतो, एका दुकानाचा नसतो.

म्हणून कोणी गावाच्या किंवा पदार्थाच्या साध्या नावासाठी लाखो रुपये मागत असेल तर विचारावे, की यात तुमचे खास काय? जे नाव शेजारचा दुकानदारही उद्या फुकट लावू शकतो, त्याचे भाडे आपण कशासाठी भरायचे?

पुण्याचा मोठा दावा

नावाचे भांडण किती लांबते याचे उदाहरण पुण्यात घडले. तेथील एक इराणी दांपत्य १९९२ पासून 'बर्गर किंग' नावाने हॉटेल चालवत होते. त्याच नावाची अमेरिकन कंपनी १९५४ सालची. तिने २०११ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला आणि नाव बंद करण्याबरोबर वीस लाख रुपये नुकसानभरपाई मागितली. कंपनीचे पहिले दुकान भारतात उघडले ते २०१४ मध्ये. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. पुण्याचे हॉटेल कंपनी येथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ते नाव वापरत होते, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेथे डिसेंबर २०२४ मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला हे नाव वापरण्यास मनाई झाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि अपील उच्च न्यायालयात चालू राहिले.

यात दोन धडे आहेत. पहिला, आधीपासूनच्या प्रामाणिक वापराला कायदा मान देतो. कलम ३४ त्यासाठीच आहे. नोंदणी करणाऱ्याच्या वापरापूर्वी आणि नोंदणीपूर्वी तुम्ही सतत नाव वापरत असाल तर तो तुम्हाला सहजासहजी थांबवू शकत नाही. दुसरा, असे हक्क सिद्ध करता करता तेरा-चौदा वर्षे आणि तीन न्यायालये लागू शकतात. लहान दुकानदाराला हे झेपते का?

पैसे भरण्यापूर्वी

१) ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोध घेता येतो. नाव टाकून पाहावे. 'नोंदलेले', 'आक्षेप', 'विरोध' यांपैकी कोणती स्थिती दिसते ते लिहून घ्यावे. अर्ज झाला म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे.

२) मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे. करार करणारी कंपनी आणि मार्कचा मालक वेगळे असतील तर मालकाने कंपनीला दिलेले अधिकारपत्र मागावे.

३) वर्ग पाहावा. हॉटेल-रेस्टॉरंटच्या सेवेचा वर्ग ४३ आहे. चहापत्ती, मसाले, बेकरीचा माल वर्ग ३० मध्ये येतो. फक्त मसाल्यासाठी नोंदलेले नाव दाखवून हॉटेलची फ्रँचायझी कोणी विकत असेल तर सावध राहावे.

४) नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण लागते. मुदत संपली नाही ना, हे तपासावे.

५) त्या नावाने आधीच चालणारी दोन-तीन दुकाने स्वतः जाऊन पाहावीत. दुकानदाराला विक्री किती आणि हाती काय राहते हे विचारावे. कंपनीने दिलेल्या यादीतील दुकाने सोडून दुसरी पाहिली तर आणखी चांगले.

नाव दुसऱ्याचेच निघाले तर खरा मालक ज्याच्या दुकानावर पाटी आहे त्यालाही कोर्टात खेचू शकतो. 'मला ठाऊक नव्हते' असे सांगून मनाई हुकूम टळत नाही. म्हणून नावावर वाद झाला तर खर्च आणि नुकसान कंपनी भरून देईल, असे कलम करारात असलेच पाहिजे.

करारात काय पाहावे

हिशेब पाहा. समजा रोजची विक्री आठ हजार, म्हणजे महिन्याला दोन लाख चाळीस हजार. रॉयल्टी सहा टक्के म्हणजे १४,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २,५९२ रुपये. एकूण १६,९९२. साध्या हॉटेलवर ५ टक्के जीएसटी असतो आणि इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणून रॉयल्टीवरचे हे २,५९२ रुपये परत येत नाहीत, ते खर्चातच धरावे लागतात. तीन वर्षांत एकूण ६,११,७१२ रुपये नुसत्या नावाचे भाडे झाले. सुरुवातीची फी, पाटी, फर्निचर, कंपनीकडूनच घ्यायचा कच्चा माल हे वेगळे. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. तोट्याच्या महिन्यातही ती द्यावी लागते. हे अनेकांना सही झाल्यावर कळते.

हद्द लिहून घ्यावी. 'चिखली शहर' किंवा 'दोन किलोमीटर' असे स्पष्ट नसेल तर कंपनी समोरच दुसरे दुकान देऊ शकते. अनामत किती, कधी आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळणार, हे आकड्यांत असावे.

वाद कोठे चालणार हेही पाहावे. लवाद दिल्ली किंवा गुडगावला बसणार असे छापलेले असते. दोन लाखांच्या अनामतीसाठी मलकापूरचा माणूस किती वेळा दिल्लीला जाईल? बुलढाणा, निदान अकोला किंवा नागपूर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

करार चालू असताना तशाच दुसऱ्या नावाचा धंदा करायचा नाही, ही अट साधारणतः चालते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट फ्रँचायझी करारात ग्राह्य धरली. पण करार संपल्यावरही पाच वर्षे हॉटेलच काढायचे नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पाटी, रंग, छापील कप मात्र करार संपताच उतरवावे लागतात. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. मॅकडोनल्ड्सने ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर व पूर्व भारतातील आपल्या भागीदार कंपनीच्या १६९ दुकानांचा करार रद्द केला होता. तो वाद मिटायला मे २०१९ उजाडला.

भागीदारीत घेत असाल तर

आपल्याकडे दोन भाऊ किंवा तीन मित्र मिळून दुकान काढतात. भागीदारीपत्र स्टॅम्पवर होते आणि कपाटात पडते. निबंधकाकडे नोंदणी होत नाही. भागीदारी कायदा १९३२, कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारातून निघालेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. म्हणजे कंपनीने अनामत बुडवली तरी तुम्ही दारातच अडकता. कंपनी मात्र तुमच्यावर दावा लावू शकते.

हल्दीराम भुजियावाला प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. वाद नावाच्या नकलेचा होता. नावाचा हक्क करारातून नाही तर कायद्यातून येतो, म्हणून तेवढ्यापुरता दावा अडत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण फ्रँचायझीचे भांडण बहुधा कराराचेच असते, म्हणून नोंदणी हवीच.

त्याच घराण्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९७४ मध्ये भागीदारी मोडताना नावाचीही वाटणी लिहिली गेली. पश्चिम बंगाल एकाकडे, बाकी देश दुसऱ्याकडे. तरीही पुढे खटले झाले. जिथे काहीच लिहिलेले नसते तिथे काय होत असेल? वाटणीच्या कागदात गाळा, भांडी, फ्रीज लिहिले जाते, दुकानाचे नाव कोणाकडे हे लिहायचे राहते. ते लिहा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकरामध्येच आहे. घरच्यांशी कागद कसला करायचा, असा संकोच करू नये.

पाटी त्यांची, जबाबदारी तुमची

नाव भाड्याचे असले तरी गाळ्यात जे घडते त्याला सरकार दुकान चालवणाऱ्यालाच जबाबदार धरते.

अन्न सुरक्षा कायदा २००६ नुसार प्रत्येक जागेसाठी वेगळी नोंदणी किंवा परवाना लागतो. कंपनीचा परवाना तुमच्या गाळ्याला चालत नाही. १ जानेवारी २०२२ पासून चौदा अंकी परवाना क्रमांक बिलावर छापणे बंधनकारक झाले. कंपनीकडून आलेल्या सीलबंद मालाचे प्रत्येक बिल जपून ठेवा. कायद्यात बिल हीच विकणाऱ्याची हमी मानली जाते. उद्या नमुना नापास झाला तर माल कोठून आला हे दाखवायला तेच कामी येईल. दोन पैसे वाचवायला बाहेरून बिलाशिवाय माल घेतला तर कंपनीचा करारही मोडतो आणि हा आधारही जातो.

पाटीवर 'हलाल' लिहिले असेल तर ते खरे असले पाहिजे. कंपनीचा तयार माल येत असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागून पाहावे. गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघून खाते, कंपनीच्या नाही.

पाटी मराठीतही हवी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. कंपनी तयार इंग्रजी पाटी पाठवते, दंड मात्र दुकानदाराला होतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवू नये, ओळखीच्या घरचा असला तरी नाही.

आपले नाव आपण नोंदवा

आता उलट बाजू. ज्यांची खानावळ, बिर्याणी, बेकरी स्वतःच्या नावाने चालते त्यांनी दुसऱ्याचे नाव भाड्याने घेण्यापूर्वी आपले नाव वाचवावे.

आमचीच चूक सांगतो. मालेगावहून लुंग्या आणून आम्ही १९९४ पासून स्वतःच्या लेबलने विकत होतो. नोंदणीची गरज वाटली नाही. २००७ मध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. त्याने तेच नाव आमच्या कितीतरी नंतर सुरू केले, पण नोंदणी केली होती. नशिबाने जुनी बिलबुके, लेबल छापणाऱ्याच्या पावत्या आणि विक्रीकराचे कागद माळ्यावर सापडले. प्रकरण मिटले, पण दोन वर्षे झोप गेली. जेवढा खर्च झाला तेवढ्यात नोंदणी कितीतरी वेळा झाली असती.

२०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये ठरली, इतरांना ९,०००. वकिलाची फी वेगळी. तपासणीनंतर नाव ट्रेडमार्कच्या राजपत्रात छापून येते. तेव्हापासून चार महिन्यांत कोणालाही विरोध करता येतो. विरोध नसेल तर नोंदणी मिळते आणि हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. तोपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणीनंतरच लावावा. नोंदणी करून पाच वर्षे नाव वापरलेच नाही तर ते काढून टाकण्याची मागणी दुसरा करू शकतो.

नाव निवडताना एक पथ्य पाळावे. पवित्र ग्रंथाचे नाव व्यापारासाठी एकट्याचे करता येत नाही. 'रामायण' नावाच्या अगरबत्तीच्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट सांगितले आणि कुरआन, बायबल, गुरू ग्रंथ साहिब यांचाही उल्लेख केला. कोणाच्याही धार्मिक भावना दुखावणारा मार्क कायदा नोंदवत नाही. अदबीच्या दृष्टीनेही अशी नावे कागदी ताटल्यांवर आणि कचऱ्यात जाणाऱ्या पिशव्यांवर छापू नयेत.

त्या तरुणाचे पुढे काय झाले असे वाचक विचारतील. त्याने बस स्टँडसमोर तोच गाळा घेतला, चार लाखांऐवजी दीड लाखात सामान आणले आणि आपल्या आजोबांच्या नावाने चहा सुरू केला. धंदा कसा चालेल हे अल्लाहच्या हाती. पण पहिल्याच महिन्यात त्याने नावाचा अर्ज केला, पावती आमच्या दुकानात आणून दाखवली. म्हणाला, "चाचा, आता साक्षीदार म्हणून सही करा." आम्ही म्हटले, "यावर साक्षीदाराची सही लागत नाही बेटा, हे तुझे स्वतःचे आहे."